धारेच्या वेळची मतं

कृष्णात गवळ्याला ज्याच्यावर मत नाही असा विषय कोल्हापूरच्या अख्ख्या गंगावेशीत कुणाला सापडला नव्हता. पावसावर मत, मोबाईलवर मत, पुण्याच्या लोकांच्या बोलण्यावर मत, बगळ्यांवर मत. तंबाखूवरही होतंच. "माझा आज्जा नव्वद वर्षं जगला, तंबाखू खातच जगला!" असल्या माणसाचा गळा मार्गशीर्षात डॉक्टरांनी उघडला आणि आतली आवाजाची पेटी काढून टाकली. आजार काढायचा तर ती काढणं भाग होतं. आज्जाचं उदाहरण ऐकायला डॉक्टर काही थांबले नाहीत.

आता तो गळ्याच्या मधोमध पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. भोकावर मलमलीचं फडकं बांधलेलं असायचं. ओठ हलायचे, जीभ हलायची, पण बाहेर काही यायचं नाही, कुजबूजसुद्धा नाही. त्याची बायको चिमणाबाई तीस वर्षं "जरा गप बसा की" म्हणत आली होती. तिचं तेवढंच मागणं देवानं ऐकलं, याचा तिला इतका धसका बसला की ती देवापुढं हात जोडायलाही बिचकू लागली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, गोठ्यात पाय टाकायचा नाही. वैरणीचा कोंडा, शेणाची धूळ, सगळं त्या भोकातून थेट फुप्फुसात जाणार. पोरगा विश्वजित फौंड्रीत पाळीनं कामाला जायचा, चिमणाबाईचे गुडघे गेलेले, पाच म्हशींची वैरण-शेण तिला एकटीला झेपेना. मग गोठा ठेवायचा कुणाच्या जिवावर? पाच म्हशींतल्या चार तर कृष्णात दवाखान्यात असतानाच विकल्या गेल्या. पाचवी, मोना, तेवढी राहिली. ती काही कुणाच्या मायेपोटी राहिली नव्हती. तिला कुणी घेईना म्हणून राहिली होती.

त्याचं असं होतं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात. पंचगंगेवर धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं घालून त्यांना मिरवतात, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीच्या मागनं पळवतात. मग मालक लांब जाऊन उभा राहतो आणि हाक मारतो. एवढ्या गर्दीतून, हलगीच्या दणक्यातून म्हशीनं आपल्या मालकाकडं यायचं. ती आली की मालकाला फेटा, आणि नाही आली की वर्षभर तालमीच्या कट्ट्यावर टिंगल. मोना तीन पाडवे ओळीनं आली होती. कारण कृष्णातनं तिला दुसऱ्या कुणाच्या आवाजाला लागूच दिलं नव्हतं. बाकीच्या चौघींची धार चिमणाबाई काढायची, पण मोनाच्या कासेला तिनं हात लावलेला त्याला खपायचा नाही. "माझी म्हस माझ्याच आवाजाला लागली पायजे," असं तो छाती काढून सांगायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा त्याला कोण सांगणार? सांगायला गेलं तर त्यावरही त्याचं मत होतं.

त्यात श्रावणात व्यालेल्या मोनाचं रेडकू महिन्याभरात गेलं. तेव्हापासून ती फक्त कृष्णातच्या बोलण्यावर पान्हा सोडायची. तो बोलत राहिला तर दूध, गप्प बसला की दूध बंद. एकट्या म्हशीशी अर्धा तास बोलणारा माणूस खुळा दिसतो, म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. गव्हाणीच्या काठावर मोबाईल ठेवायचा आणि पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीला, वर्षाराणीला, बोलून निरोप पाठवायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. निरोप कसला, मतंच ती. मत लेकीला, आणि दूध बादलीत.

आता हे सगळं बंद पडलं होतं. चिमणाबाईनं धार काढायचा प्रयत्न केला, तर मोनानं बादली लाथाडली. विश्वजितनं पाडव्याचा व्हिडिओ लावून बघितला, पण त्यात कृष्णातची हाक दोनच शब्दांची आणि बाकी सगळा मोटारसायकलींचा फडफडाट. मोना बुजून दावं तोडायला निघाली. शेवटी डॉक्टरांचा शब्द मोडून कृष्णात स्वतः गोठ्यात गेला. मोनानं त्याचा खांदा हुंगला, चाटला, मान त्याच्या पाठीवर घासली. तो कासेला बसला, तेच हात, तीच बोटं. पण दूध अर्धा तांब्यासुद्धा येईना. ती सारखी मागं मान वळवून बघत होती, हा बोलेना का म्हणून. कृष्णातनं तिच्या पोटाला कपाळ टेकलं.

घरात बोलायला त्याला पाटी दिली होती. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिता यायचं. पण पाटीवर खडू टेकला की शाळेतलंच मराठी यायचं. 'मला पाणी हवे आहे.' चिमणाबाई वाचायची आणि म्हणायची, "ह्यो कुठला मास्तर आलाय घरात?" कृष्णातलाही ते जाणवायचं. जन्मभर त्यानं 'न्हाय' म्हटलं की समोरचा गप्प बसायचा. पाटीवर 'नाही' लिहिलं की समोरचा समजूत काढायला लागायचा. शिवी तर लिहिताच येत नव्हती. लिहून होईतोवर राग थंड व्हायचा आणि समोरचा उठून गेलेला असायचा.

विश्वजितनं मग मोबाईलवर काहीतरी घालून दिलं. टाईप केलं की मोबाईल बोलायचा. बोलायची एक बाई, बातम्या सांगितल्यासारखी. "चिमणाबाई, आमटीत मीठ कमी आहे," ती म्हणाली, तेव्हा चिमणाबाई पळी घेऊन बाहेर आली. "ही कोन बया मला आमटी शिकवाय लागली?" पोटभर हसायची ती गोष्ट होती, आणि कृष्णात हसलाही. हसण्याचाही आवाज आला नाही.

पौषात राधानगरीकडचा एक शेतकरी म्हैस बघायला आला. ज्ञानू त्याचं नाव, दारात बारा-तेरा म्हशी बाळगणारा, जनावराची पारख असलेला. त्यानं मोनाची शिंगं बघितली, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला. "जनावर झ्याक हाय, पावणं," तो विश्वजितला म्हणाला. मग कासेला बसला, आणि अर्ध्या तासानं रिकामी बादली घेऊन उठला.

"पान्हाच सोडंना की. दूध न देणारी म्हस नेऊन मी काय तिची पूजा घालू?"

तो गेला. विश्वजित कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "आण्णा, आता बाजारातच न्यावी लागंल," तो म्हणाला, पण बापाकडं न बघता.

आटलेली म्हैस बाजारात कोण घेतं आणि कशाला घेतं, हे गवळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. मोनानं दूध दिलं पाहिजे, एवढं एकच कृष्णातच्या डोक्यात राहिलं. दूध दिलं की ती वाचली. दूध देणारी म्हैस दारातून कोण घालवतो? असा त्याचा साधा हिशेब होता, आणि तो आपल्याशीच करायचा असल्यामुळं त्याला कुणी टोकलं नाही.

शनिवारी दुपारी वर्षाराणी पुण्याहून आली. बापासाठी औषधं, फडकी, फळं घेऊन आली. संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे चहा घेत बसले असताना ती म्हणाली, "आण्णा, तुमचे निरोप मी पुसले नाहीत. बसमध्ये रोज एक ऐकते." आणि तिनं सहज मोबाईलवर बोट ठेवलं.

"वर्षे, उठलीस का? मी धारंला बसलोय. काल विश्वा म्हनला, मोबाईलात आज पाऊस न्हाय. आन् हितं मुंग्या अंडी घिऊन भितीवर चढाल्यात. आता मुंगीला रेंज हाय आन् मोबाईलला न्हाय, आसं धरून चल."

ऑपरेशननंतर आपला आवाज कृष्णात असा स्वच्छ पहिल्यांदाच ऐकत होता. केवढा भरदार आवाज होता तो! माणसाला आपला आवाज असा बाहेरून ऐकायची सवय नसते, पण हा आपलाच, हे कळायला त्याला पळभरही लागलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मोना हंबरली.

मोना परत हंबरली. कृष्णात उठला, लेकीच्या हातातला मोबाईल घेतला आणि सरळ गोठ्यात गेला. "आण्णा, धूळ! तोंडा-गळ्याला काहीतरी बांधा तरी," म्हणत वर्षाराणी मागं धावली. पण तो कुणाचं ऐकतो? मोबाईल त्यानं गव्हाणीच्या काठावर ठेवला, बादली गुडघ्यांत धरली, आणि पुढचा निरोप लावण्याची लेकीला खूण केली.

"तू फोनवर 'येते, जाते' म्हनालीस काल," त्याचा आवाज म्हणाला. मागं धारेचा सूं सूं आवाजही येत होता. "हितं व्हतीस तवर 'मी येतो, मी जातो' म्हनायचीस, तुजी आई म्हंती तसं. पुन्याला गेलीस आन् बाई झालीस व्हय गं? आपल्या बायका 'येतो' म्हंत्यात ते काय उगंच न्हाय. दारातनं 'आलो रं' म्हनली की चोर पळतंय."

मोनानं कान टवकारले. मोबाईलकडं मान लांब केली, एक मोठा श्वास सोडला, आणि कृष्णातच्या बोटांना कास भरून आल्याचं कळलं. पहिली धार बादलीच्या तळाला वाजली. मग दुसरी. मोबाईलातली धार आणि बादलीतली धार, कुठली कुठली हे कळेना. बगळ्याचा निरोप झाला. म्हशीच्या पाठीवर बसायला त्याला लोकेशन कोण पाठवतं, असा त्यात सवाल होता. मग लिफ्टमध्ये बोलणाऱ्या बाईचा झाला. फेसानं बादली वर आली तेव्हा चिमणाबाई उघड उघड रडत होती, आणि दारात उभा राहिलेला विश्वजित फोन काढत घरात वळला होता.

कृष्णातनं फक्त एक गोष्ट बघितली होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. पूर्ण वेळ मोना मोबाईलकडं बघत होती. त्याच्याकडं तिनं एकदाही मान वळवली नाही. पण दूध तर आलं, मोना तर वाचली, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

बादली घेऊन तो घरात आला, तर विश्वजित फोनवर बोलत होता. आवाजात केवढा आनंद! "ज्ञानूमामा, सोडला की पान्हा! भरून बादली! व्हय, व्हय, उद्याच या टेम्पो घिऊन."

कृष्णातनं बादली खाली ठेवली आणि पाटी ओढली. 'नको.'

"नको म्हंजे काय, आण्णा?"

'मोना माझी आहे.'

विश्वजितनं ते मोठ्यानं वाचलं. "मोना माझी आहे." पहिलीच्या पुस्तकातला धडा वाचावा तसं ते झालं. कृष्णातच्या मनात जे होतं त्यानं छप्पर उडालं असतं, पण पाटीवर जे उतरलं त्यात चिमणाबाईच्या बांगड्यांएवढाही आवाज नव्हता. त्यानं खडू दाबून 'आहे'खाली रेघ ओढली. खडू मोडला.

"आण्णा, मला काय हौस हाय व्हय?" विश्वजित खाली बसला, बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलायला लागला. "आज गोठ्यात गेलासा, आता बगा कसं खोकालाय. रोज दोन वक्ताला जानार तुमी? डॉक्टर काय म्हनलाय? म्हस सांभाळू का तुमास्नी सांभाळू, सांगा. बाजारात न्यायची पाळी आलती, ती टळली. चांगल्या मानसाच्या दावणीला जातीया. आनि काय पायजे?"

यातला एक शब्द खोटा नव्हता, हीच खरी पंचाईत होती. पोरगा वाईट असता तर पाटी त्याच्या डोक्यात घालता आली असती. कृष्णातनं लेकीकडं बघितलं. ती नखं खात बसली होती. "मी उगाच लावला तो निरोप," ती पुटपुटली. "पण आण्णा, विश्वा बरोबर बोलतोय." चिमणाबाई दुधाची बादली उचलून चुलीकडं गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो कृष्णातला त्या संध्याकाळी मिळाला. तोंड दाबायची मात्र कुणाला गरजच पडली नाही.

तो मोबाईलवर टाईप करायला लागला. दूध देती म्हैस विकायची नसते, तिनं मला तीन फेटे मिळवून दिले, मी नाकाला-गळ्याला ओलं फडकं बांधून धार काढीन. अक्षरं सापडेपर्यंत विश्वजित पाळीवर जायला निघाला होता. दारात त्यानं चपला घातल्या तेव्हा कुठं ती बाई बोलली, "दूध देती म्हैस विकायची नसते." विश्वजित हसला. प्रेमानंच हसला, आणि गेला.

रविवारी सकाळी ज्ञानू टेम्पो घेऊन आला. आधी त्यानं स्वतः खात्री करून घेतली. मोबाईल गव्हाणीवर ठेवायला लावला, धार काढली. दुसऱ्याच्या हाताला मोना पहिल्यांदा लागली. कृष्णात उंबऱ्यात उभा राहून बघत होता. हात कुणाचेही चालत होते तर!

"नाद खुळा!" ज्ञानू उठून म्हणाला. "ताई, तेवढी रेकॉर्डिंगं माज्या मोबाईलवर पाठवा. सगळीच पाठवा. न्हायतर आमच्या हितं परत अडायची ती."

वर्षाराणीचं बोट थांबलं. तिनं बापाकडं बघितलं. "आण्णा, पाठवू?"

सगळेच त्याच्याकडं बघायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याचं मत विचारलं होतं. पाठवू नको म्हणावं, तर मोना तिकडं जाऊन परत दूध चोरणार. ज्ञानू चार दिवस बघेल, आठ दिवस बघेल, आणि मग तोच बाजार. पाठव म्हणावं, तर आपल्याजवळ उरलेला आवाजही तिच्यामागनं जाणार. ज्ञानूनं टेम्पोवाल्याकडं बघून घड्याळ बघितलं. मग कृष्णातनं मान हलवली. होकाराची.

एकशे अठ्ठावीस निरोप होते. एकेक करत ज्ञानूचा मोबाईल वाजत राहिला.

टेम्पोला फळी लावली. मोना फळीपर्यंत आली आणि पाय रोवून उभी राहिली. विश्वजितनं दावं ओढलं, टेम्पोवाल्यानं मागनं रेटलं, शेजारची दोन माणसं धावून आली. म्हैस तसूभर हलेना. कुणीतरी काठी उगारली, तर ती उलटी फिरली आणि थेट कृष्णातपाशी येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या छातीवर मान टेकली. कृष्णातनं दोन्ही हात तिच्या शिंगांवर ठेवले. विश्वजितनं दावं सैल सोडलं आणि हताश होऊन ज्ञानूकडं बघितलं. ही आता जाणार नाही, कृष्णातच्या मनात आलं, आणि त्याच्या अंगात बळ आल्यागत झालं.

"थांबा की जरा," ज्ञानू म्हणाला. तो टेम्पोत चढला, आतल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि त्यानं मोबाईलचा आवाज वाढवला.

"वर्षे, आज एक गंमत सांगतो," कृष्णातचा आवाज टेम्पोतून आला. "आपल्या कोपऱ्यावर नवा दिवा लावलाय. काय त्यो उजेड! पिंपळावरची कावळी रातच्याला दोन वाजता वरडाल्यात... आगं मोने, हिकडं ये की. ये, ये गं माजी बाय. हां, सरक फुडं."

मोनानं मान उचलली. कान टेम्पोकडं वळवले. कृष्णातनं शिंगं घट्ट धरली, पण तिनं हलकेच डोकं झटकलं आणि त्याचे हात सुटले. तो ओरडला. जिवाच्या आकांतानं ओरडला. गळ्यावरचं फडकं फडफडलं आणि हवा बाहेर गेली, एवढंच. मोना फळीवर चढली, एकेक पाय जपून टाकत आत गेली आणि मोबाईलपाशी जाऊन शांत उभी राहिली.

"हां, शाणी गं माजी," आतला कृष्णात म्हणाला.

टेम्पोवाल्यानं फळी काढली, मागची झडप लावली. "आण्णा, बगा," विश्वजित त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचा आवाज आजबी कामाला आला." ज्ञानूनं वरूनच हात जोडले. "पावणं, काळजी करू नगा. आता रोज दोन वक्ताला तुमीच बोलनार आमच्या गोठ्यात."

गाडी सुरू झाली. निरोप चालूच होता, कुणी बंद केला नव्हता. "तर काय सांगत हुतो? त्या कावळ्यांस्नी वाटतंय उजाडलं. उजाडलं म्हनून वरडाल्यात. आता त्या कावळ्याला कुणी समजवायचं, की बाबा..."

टेम्पो तालमीच्या कोपऱ्यावर वळला. कृष्णात दहा-बारा पावलं धावला आणि धाप लागून थांबला. त्यानं पुष्कळ आठवून बघितलं, पण कावळ्याला काय समजावायचं होतं, ते त्याला काही आठवेना.